शेवटच्या हाताचा नंबर

हेमलॉक फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
१४ सप्टेंबर १९८१

प्रिय इंगा,

अक्षर ओळखलंस का? सिस्टर लुडगेरांनी ननच्या शाळेत घोटवून घेतलेलं, अजूनही तसंच उजवीकडे झुकतं. तुझा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून घेतला. ती म्हणाली, तू जेम्सटाउनला आहेस आणि आता लिंडक्विस्टची हॉलबर्ग झाली आहेस. जेम्सटाउन म्हणजे इथून बसने तीन तास. मला वाटत होतं, तू कुठेतरी फार लांब असशील.

आपला कारखाना बंद होतोय. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी शेवटचे काचेचे रेडिओ व्हॉल्व्ह निघतील आणि मग दाराला कुलूप. खरं तर तो दहा वर्षांपासून थोडा थोडा बंदच होत होता. आधी रेडिओ आपल्याला सोडून गेले, मग टीव्ही. जपानहून नखाएवढे ट्रान्झिस्टर यायला लागले आणि औषधांच्या दुकानात कोपऱ्यात उभं असलेलं ते व्हॉल्व्ह तपासायचं यंत्रही कुणीतरी उचलून नेलं. तुला आठवतं, लोक कागदी पिशवीत घरचे व्हॉल्व्ह घेऊन यायचे आणि त्या यंत्रात एकेक खोचून बघायचे? आपण दोघी मागे उभ्या राहून ओळखायचो, यातला आपल्या हातचा कुठला.

बारा डिसेंबरला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण आहे, आणि नंतर एक पुस्तिका छापायची आहे. पंचवीस साली इथे नुसते दिवे बनायचे तेव्हापासूनचा इतिहास. तो लिहायचं काम माझ्यावर आलं. बायकांनी युद्धात किती व्हॉल्व्ह केले, चोपन्न साली तीन पाळ्यांत किती निघाले, ते आकडे ऑफिसने दिले. पण भिंग डोळ्याला लावून केसाएवढी तार चिमट्याने उचलायची, श्वास रोखून विजेचा चटका द्यायचा आणि ती जागेवर बसली की श्वास सोडायचा, हे आकड्यांत येत नाही. जोडणीच्या खोलीतल्या प्रत्येकीने चार ओळी द्याव्यात, असं मी सगळ्यांना लिहिलं आहे. तूही दे. तुझा एखादा फोटो असेल तर तोही.

तुझी आई कशी आहे? तिच्याकडचा वेलदोड्याचा पाव मी अजून विसरलेले नाही.

तुझी,
मिना


जेम्सटाउन, न्यूयॉर्क
२९ सप्टेंबर १९८१

प्रिय मिना,

अक्षर ओळखलं. पाकिटावरचं माझं नाव बघून वाटलं, कुणीतरी मला शाळेत घातलं.

आई एकोणनव्वद वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पडली, तेव्हापासून आमच्या चर्चच्या वृद्धाश्रमात आहे. डोकं शाबूत आहे. तिथल्या कॉफीला रोज नावं ठेवते, म्हणजे तब्येत चांगली म्हणायची. माझे यजमान गेले, मुलगी बफेलोत असते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काम केलं, आता घरी असते.

तुझ्या पत्राने फार बरं वाटलं. दोनदा वाचलं. पण मिना, माझं नाव पुस्तिकेत घालू नकोस. मी रागाने म्हणत नाही. मला ज्या कारणाने काढलं ते तुला माहीत आहे. माझ्यामुळे सैन्याच्या रेडिओचे सहाशे व्हॉल्व्ह फुकट गेले, तेही कोरियात लढाई चालू असताना. नंतर रोज बातम्या ऐकताना मला वाटायचं, तपासणीतून एखादा निसटला असेल तर? माझ्या अंगावरचे लोकरीचे धागे कुणाच्या तरी कानाशी असलेल्या रेडिओत असतील तर? अशा बाईने चार ओळी कसल्या लिहायच्या?

आईने त्यानंतर विणकाम सोडलं, हे तुला माहीत नसेल. त्या आठवड्यात तिने सुया कपाटात ठेवल्या. आपल्या गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तिचे स्वेटर होते. ती म्हणाली, माझ्या लोकरीने माझ्याच लेकीची नोकरी घालवली. मी कितीदा सांगितलं की मी स्वेटर बाहेर खुंटीला काढून ठेवायचे. ती म्हणते, मग तो केसांना चिकटला असेल, हातांना चिकटला असेल. मुकादम मिसेस प्रुइटनीही तेच सांगितलं होतं, आणि आता मलाही तसंच वाटतं.

तुझं काम मात्र चांगलं होऊ दे. तुझ्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?

इंगा


हेमलॉक फोर्ड
११ ऑक्टोबर १९८१

प्रिय इंगा,

तू उगाच मनाला लावून घेतेस. त्या गोष्टीला किती वर्षं झाली. मिसेस प्रुइट जाऊनही पंधरा वर्षं झाली. इथे आता ती गोष्ट कुणाला आठवतसुद्धा नाही. नव्या मुलींना तर तुझं नावही माहीत नाही. तुझं नाव मी घालणारच, सेहेचाळीस ते त्रेपन्न, जोडणी विभाग.

इकडे पानं लाल झाली आहेत. टेकडीवरून कारखान्याकडे बघितलं की वाटतं, आत अजून सगळं चालू आहे. खरं तर अकराजणी उरल्या आहेत. परवा मी त्यांच्यामागून फिरत होते आणि सवयीने एकीच्या नखांकडे पाहिलं, टवके उडून व्हॉल्व्हमध्ये जाणारं नेलपॉलिश तर नाही ना. ती हसली आणि म्हणाली, "मिना, आता कुणासाठी?"

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी सुया ठेवल्या हे वाचून वाईट वाटलं.

मिना


जेम्सटाउन
२ नोव्हेंबर १९८१

प्रिय मिना,

काल प्रार्थनेनंतर कॉफीला एक नवी बाई माझ्या टेबलावर बसली. डार्लीन नाव. नवऱ्याच्या बदलीने इथे आली आहे. बोलता बोलता निघालं की ती एकाहत्तर-बहात्तरमध्ये हेमलॉक फोर्डला व्हॉल्व्हच्या कारखान्यात होती. मी हॉलबर्ग, त्यामुळे तिला काही कळलं नाही. मी विचारलं, कसं होतं काम? ती म्हणाली, कडक होतं. पहिल्या दिवशी मिना नावाची मुकादम सगळ्या नव्या मुलींना खुंट्यांसमोर उभं करायची आणि "लोकरवाल्या लिंडक्विस्टची" गोष्ट सांगायची. एका मुलीने आईने विणलेल्या स्वेटरच्या मोहापायी सैन्याचा माल कसा नासवला, आणि तिला गाव कसं सोडावं लागलं. डार्लीन म्हणाली, त्या गोष्टीनंतर आम्ही हिवाळ्यात लोकरीचे मोजे घालायलासुद्धा घाबरायचो.

मी तिला आणखी केक वाढला.

तू लिहिलं होतंस, कुणाला आठवत नाही. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, ते कळलं. आणि खरं सांगू? गोष्ट सांगितलीस ते बरंच केलंस. पोरींना कळायलाच हवं. माझ्या चुकीतून दुसऱ्या कुणाची नोकरी वाचली असेल तर तेवढं तरी चांगलं झालं. मी रागावलेले नाही.

पण एक विचारते. गेल्या आठवड्यात आश्रमात एक मुलगी वेळ घालवायला म्हणून म्हाताऱ्यांना लोकरीचे गुंडे वाटत होती. आईने गुंडा परत दिला आणि म्हणाली, "माझ्या हातची लोकर चांगली नाही." त्या मुलीला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. आई तशी नाही. ती आता फार दिवसांची सोबती नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. मला तिला हे ओझं घेऊन जाऊ द्यायचं नाही.

तू माझ्या डाव्या हाताला बसायचीस. व्हॉल्व्हच्या आतला तारांचा पिंजरा तू जोडायचीस, वरची चकती मी बसवायचे. तुझ्याइतकं जवळून मला कुणीच बघितलेलं नाही. आठवून सांग, त्या बुधवारी माझ्या केसांवर, बाह्यांवर खरंच धागे होते का? होते तर होते म्हण. नसतील तर मी आईला सांगेन की मिनाने सांगितलं. तुझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेल. तिच्या मते ननच्या शाळेतल्या मुली खोटं बोलत नाहीत.

इंगा


हेमलॉक फोर्ड
६ डिसेंबर १९८१

इंगा,

तुझ्या पत्राला महिना झाला. मी चार पत्रं लिहून फाडली. त्या चारही पत्रांत मी तुला सांगितलं होतं की धागे नव्हते, आणि तिथेच थांबले होते. तेवढ्याने आईंचं काम झालं असतं, आणि माझंही.

धागे नव्हते. तुझा निळा स्वेटर खुंटीवर होता. तुझ्या अंगावर नायलॉनचा झगा होता, डोक्यावर टोपी होती, आणि तू आत येताना कोपरापर्यंत हात धुतले होतेस. मी पाहिलं होतं.

तो राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस. आमच्या लोकांना दर वर्षीची पद्धत ठाऊक होती. सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला फादर कपाळावर राखेचा क्रूस काढायचे, आणि पाळीवर आलं की जोडणीच्या खोलीबाहेरच्या नळावर आम्ही तो पुसून मगच आत जायचो. फादरनीच परवानगी दिली होती, राखेचा कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर तो व्हॉल्व्ह वाया जातो म्हणून. पण सिस्टर लुडगेरांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं की माणसांच्या भीतीने क्रूस पुसणारी मुलगी प्रभूलाही अनोळखी होते. दोन्हींच्या मध्ये मी दर वर्षी नळापाशी रेंगाळायचे. आणि आदल्या वर्षी तू मला त्या नळावर पाहून म्हणालीस, "काय गं, तुम्ही कॅथलिक लोक देवाला दारातच पुसून आत जाता?" तू हसत म्हणालीस. मीही हसले. पण वर्षभर ते मला टोचत राहिलं.

म्हणून त्या वर्षी मी पुसलं नाही. टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि आत येऊन बसले. वाटलं, मी किती शूर. भिंगावर वाकले की कपाळ थेट पिंजऱ्यावर येतं, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. खोली गरम होती. दहाच्या सुमाराला मला माझ्या ताटलीत एक करडा कण दिसला. मी तो फुंकरीने उडवला आणि काम पुढे चालू ठेवलं. नळावर गेले नाही. सगळ्या खोलीसमोरून टोपी काढत जायची लाज वाटली.

माझे पिंजरे तुझ्याकडे येत होते. तू चकती बसवलीस आणि ताटली पुढे ढकललीस. ताटलीच्या चिठ्ठीवर शेवटच्या हाताचा नंबर लिहायचा नियम होता. म्हणजे तुझा.

शुक्रवारी तपासणीच्या खोलीत हातोडीच्या टिचक्या मारताच ते व्हॉल्व्ह एकामागून एक खराब निघाले. इंजिनिअरनी एक फोडला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला ताटली धरायला बोलावलं. मीही डोळा लावला. तारांमध्ये काळे-करडे चुरे होते. ते म्हणाले, जळलेली लोकर. त्यांच्या घरात कुणी राख लावत नव्हतं, त्यांना ती ओळखू येणार कशी? मला आली.

पुढचं तुला माहीत नाही. मिसेस प्रुइटनी मला आत बोलावलं आणि विचारलं, "लिंडक्विस्टच्या अंगावर बुधवारी तो स्वेटर होता ना?" मी म्हणाले, "हो, मी पाहिला." मी पाहिलाच होता. रस्त्यात, फाटकापाशी, खुंटीवर टांगेपर्यंत. त्यांनी कुठे ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला त्या रात्री समजावलं. खोटं न बोलता फसवायचं कसं हे मला चांगलं येत होतं. तुझ्या आईंना सांग, ननच्या शाळेतल्या मुलींविषयी त्यांची थोडी चूक होते आहे.

ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला गेले. फादरनी दहा प्रार्थना सांगितल्या, आणि सांगितलं की तुझं नाव तुला परत द्यायचं. प्रार्थना मी त्याच दुपारी म्हटल्या. दुसऱ्या गोष्टीसाठी मी म्हटलं, इंगाला दुसरी नोकरी लागली की सांगू. मग तुम्ही गाव सोडलं. मग मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग.

चौसष्टमध्ये मी मुकादम झाले. पहिल्याच तुकडीसमोर ती गोष्ट माझ्या तोंडून आपोआप निघाली. आधी मिसेस प्रुइट सांगायच्या, म्हणून मीही. पुढे ती माझीच झाली. मी ती फार चांगली सांगायचे इंगा. आवाज कुठे खाली आणायचा ते मला माहीत होतं. सतरा वर्षं मी तुला त्या खुंट्यांसमोर उभं केलं, आणि एकदाही माझी जीभ अडखळली नाही. तू लिहिलंस की गोष्ट सांगितलीस ते बरं केलंस. ते वाक्य वाचून मी पत्र उलटं ठेवलं.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. तू विचारलं नसतंस तर कदाचित पुस्तिकाही छापली असती आणि तुझ्या नावापुढे वर्षं घालून मी समाधान मानलं असतं. हे पत्र आईंना वाचून दाखव. माझ्याविषयी त्यांना जे वाटेल ते वाटू दे. फक्त त्यांच्या लोकरीत काहीही खोट नव्हती.

मिना


जेम्सटाउन
३० डिसेंबर १९८१

मिना,

तुझं पत्र तीन दिवस मी ब्रेडच्या डब्याखाली ठेवलं होतं. नंतर नाताळ आला. मुलगी आली होती, तिला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलं, आई, तू भांडी एवढी का आपटतेस?

मला वाटलं होतं, मी हलकी होईन. तसं झालं नाही. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःवर रागावले होते, आणि त्याची मला सवय झाली होती. आता तो राग कुठे ठेवायचा तेच कळेना. मी लिंबाचा पाक करता करता तुला मनात इतकं बोलले की पाक जळला. आणि देवाला दारात पुसता हे मी म्हणाले होते, ते मला आठवतसुद्धा नव्हतं. तुझ्या वर्षभर लक्षात राहिलं आणि मला म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी माफी मागितली असती, आणि तू कपाळ पुसून आत आली असतीस.

मग रविवारी आईकडे गेले. सगळं वाचून दाखवलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी वाचावं लागलं आणि काही वाक्यं तीनदा. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "कोण, ती काळ्या केसांची? आपल्याकडे शनिवारी पाव खायला यायची ती?" मी म्हटलं, तीच. तिने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "ती अजून चालती फिरती आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग पत्र कशाला लिहिते? इथे येऊन सांगू दे."

मी तिला समजावलं की ते कठीण आहे, हिवाळा आहे, बस आहे. ती म्हणाली, "मी तिची वाट बघते. पण फार दिवस नाही."

तर मी तुला निरोप देते आहे. दुपारी तीन वाजता तिकडे कॉफी असते. आई तिच्या टेबलावरून हलत नाही. भोवती आमचे तीसेक म्हातारे असतात आणि त्यांना कॉफीपेक्षा दुसऱ्याच्या गोष्टींत जास्त रस असतो. आईशी कुजबुजून चालत नाही. तू जे सांगशील ते सगळ्यांना ऐकू जाईल. मी तुझ्या जागी असते तर आले नसते, हे आधीच सांगून ठेवते.

मी तुला माफ केलं का, हे विचारू नकोस. त्यासाठी तुझ्याकडे फादर आहेत. इथे फक्त माझी आई आहे.

पुस्तिकेत माझं नाव घाल. पुढे काही स्पष्टीकरण नको. नाव आणि वर्षं.

इंगा


हेमलॉक फोर्ड
९ जानेवारी १९८२

इंगा,

मंगळवार, एकोणीस तारखेच्या बसने येते. दोन वाजून वीस मिनिटांनी पोचेन. स्थानकावर येऊ नकोस, आश्रमाचा रस्ता मी विचारत येईन.

तुझं पत्र येण्याआधीच, बारा तारखेच्या जेवणाला, मी इथल्या बायकांना सांगितलं. मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. सगळ्यांना वाटलं, मी नेहमीसारखी गोष्ट सांगणार. एक-दोघी ती पाठ असल्यासारख्या आधीच हसायलाही लागल्या होत्या. मी सांगितलं, पण मध्येच घाबरले आणि भराभर संपवलं. त्यामुळे मागच्या टेबलांना काहीच कळलं नाही आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या टेबलावर मार्गे बसली होती, सतरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे इतके हिवाळे आमचे पाय उगाचच गारठले म्हण की." कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. नंतर गोड वाढताना माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तिथे पूर्ण जेवण होईपर्यंत बसले.

टाळ्यांची लाज त्या खुर्च्यांपेक्षा जास्त वाटली. म्हणून आईंकडे तसं करायचं नाही असं ठरवलं आहे. घरी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणून बघते आहे. पहिलं वाक्य नीट येतं. दुसऱ्यात तुझं नाव येतं, तिथे आवाज खाली जातो.

त्यांच्या कुठल्या कानाला बरं ऐकू येतं ते कळव, म्हणजे मी त्या बाजूला बसेन. आणि एक विनंती आहे. मी अडखळले, किंवा आवाज उतरला, तर तू माझ्या वतीने त्यांना सांगू नकोस. त्या "काय?" म्हणतील. मी पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

मिना